रोबोंच्या कॉमिकमध्ये रंग आणि रूप नेमकं कुठे चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मित्र मिळून रोबोंची कॉमिक मालिका काढताहेत, तीन अंक झालेत. वाचकांच्या तक्रारी दोनच आहेत, पण पुन्हा पुन्हा येताहेत. कोणता रोबो कोण हे पटकन कळत नाही, ही पहिली. आणि एकाच रोबोच्या खांद्याचा रंग पानागणिक बदलतो, तोफ कधी डाव्या हातावर तर कधी उजव्या, ही दुसरी. चूक चित्रकाराची की रंग भरणाऱ्याची, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या ट्रान्सफॉर्मर्स (वाहनांची रूपं घेणारे खेळण्यांतले रोबो) कॉमिक्समध्येही असंच दिसतं, मग ते कसं खपून गेलं, हेही. सोबत सहा पानं जोडली आहेत. ती मी दोनदा नीट पाहिली.

मी २२ वर्षं कॉमिक्स रंगवते आहे, त्यातली जवळपास ९ वर्षं यंत्रमानवांच्या मालिकांवर गेली. त्या अनुभवावरून आधी एकच गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणसांच्या कॉमिकमध्ये पात्र ओळखायला चेहरा असतो, केस असतात, अंगकाठी असते, वय असतं. त्यामुळे नायकाचा शर्ट एका चौकटीत निळ्याऐवजी हिरवा झाला तरी वाचक त्याला नायकच समजतो. रोबोकडे यातलं काहीच नाही. त्याचा चेहरा म्हणजे दोन दिवे आणि एक पत्रा. वाचक त्याला ओळखतो तो बाह्याकृती आणि रंग या दोनच खुणांवरून. म्हणून रोबोच्या छातीचा रंग चुकला की वाचकाच्या डोळ्यांसमोर पात्रच बदलतं. तुमच्या दुसऱ्या पानावर हेच झालंय: मालवाहू रोबो जखमी होऊन पडलाय आणि पुढच्या चौकटीत त्याचा खांदा पिवळा झालाय. मला वाटलं, तुमचा पिवळा टेहळ्या रोबो त्याला वाचवायला आला. दोन चौकटी पुढे गेल्यावर उलगडलं की तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

आता जुन्या मालिकेबद्दल. ती इतक्या सहानुभूतीने आठवण्यासारखी आहे की तिच्या चुकांची फक्त यादी करणं मला पटत नाही. मार्व्हलने १९८४ मध्ये ती चार अंकांची मर्यादित मालिका म्हणून सुरू केली. ती १९९१ पर्यंत ८० अंक चालली आणि शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘चार अंकांच्या मालिकेतला ८० वा’ असं त्यांनीच छापलं. चार अंकांच्या बेताने सुरू झालेल्या कामात दरवर्षी नवी खेळणी येत गेली आणि प्रत्येक खेळण्याचं पात्र कथेत घ्यावं लागलं. डझनांनी पात्रं, एकेका चौकटीत दहा-बारा रोबो आणि महिन्याला एक अंक. जवळपास सगळ्या अंकांचे रंग एकट्या नेल योमटोव्ह यांचे आहेत. गर्दीच्या चौकटीत मागचे सगळे रोबो एकाच जांभळ्या किंवा निळ्या रंगात बुडवून टाकण्याची त्यांची पद्धत वाचकांच्या इतकी लक्षात राहिली की अजून तिची चर्चा होते. मला मात्र ती पूर्ण चूक वाटत नाही. मागची गर्दी एका रंगात टाकली की पुढचा बोलणारा रोबो उठून दिसतो, आणि पानही वेळेत जातं. पंचाईत होते ती त्या गर्दीतला एखादा रोबो बोलायला लागतो तेव्हा. संवादाचा फुगा त्याच्या डोक्यावर असतो, पण तो कोण हे सांगणारा रंग काढून घेतलेला असतो.

त्या काळी रंग छापले कसे जायचे हे कळलं की निम्म्या चुकांचा उलगडा होतो. कलरिस्ट पानाच्या छायाप्रतीवर पातळ रंगाने नमुना रंगवायचा आणि प्रत्येक भागाशी सांकेतिक खूण लिहायचा. पिवळ्याला वाय, मजेंटाला (गर्द गुलाबी) आर, सायनला (आकाशी निळा) बी. पुढे २ लिहिलं तर २५ टक्के, ३ लिहिलं तर ५० टक्के, अक्षरापुढे आकडा नसेल तर पूर्ण शाई. म्हणजे शाईच नसणं ही चौथी पायरी धरली तर तीन शायांच्या चार-चार पायऱ्या: ४ × ४ × ४, कोरा कागद धरून एकूण ६४ रंग. रंगपेटी तेवढीच. नंतर रंग वेगळे करणारे लोक प्रत्येक पानासाठी पारदर्शक पत्रे घेऊन बसायचे. तीन शाया, प्रत्येकीच्या तीन पायऱ्या, म्हणजे पानाला नऊ पत्रे. जिथे जी शाई हवी तो भाग त्या-त्या पत्र्यावर हाताने भरायचा. आता कल्पना करा, जांभळ्या रोबोचा हात आहे. त्याला सायनच्या पत्र्यावर भरलं, मजेंटाच्या पत्र्यावर भरायचं राहून गेलं. छापून आल्यावर जांभळ्या धडाला निळा हात. कलरिस्टने तो निळा सांगितलाच नव्हता. माणसाच्या पात्रात असे पाच-सहा भाग असतात. रोबोच्या एका हातातच तेवढे असतात.

याच रंगपेटीत काळा आणि चंदेरी जवळजवळ नव्हतेच. काळी शाई रेषेसाठी होती. मोठा भाग काळा दाखवायचा तर रेषाकार (शाईने रेषा काढणारा) काळं भरून उजेडाच्या जागा मोकळ्या सोडायचा आणि त्या जागी निळा यायचा. धातूचा राखाडीही बहुतेक वेळा फिकट निळ्यावर भागवला जायचा. आता त्या मालिकेतली तीन लढाऊ विमानं आठवा: स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर, स्कायवॉर्प. तिन्ही खेळणी एकाच साच्यातून निघालेली, त्यामुळे बाह्याकृती हुबेहूब सारखी. फरक फक्त रंगाचा: एक राखाडी-लाल, एक निळा, एक काळा-जांभळा. आणि ज्या छपाईत काळ्याचा निळा होतो आणि राखाडीचाही निळा होतो, तिथे हे तिघं एका चौकटीत आणायचे. कलरिस्ट कितीही जागरूक असला तरी तिथे चूक व्हायचीच. मूळ निर्णयच धोक्याचा होता आणि तो रंगाच्या टेबलापर्यंत यायच्या कितीतरी आधी झालेला होता.

राखाडीची गोष्ट निघालीच आहे तर एक जुना दाखला. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. छपाईत तो राखाडी काही केल्या एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. राखाडी हा मुद्रणातला सर्वांत हट्टी रंग आहे आणि रोबो काढणारा प्रत्येकजण पहिल्यांदा त्याच्याकडेच धावतो. तुमच्या पाच रोबोंपैकी दोन राखाडी आहेत. मी असते तर एकालाच ठेवलं असतं, तेही खलनायकाला, म्हणजे राखाडी दिसला की धडकी भरेल. तुम्ही छापील अंक काढणार असाल तर हे जास्तच लक्षात घ्या: सायन, मजेंटा आणि पिवळा मिसळून केलेला राखाडी जरा शाई इकडेतिकडे झाली की गुलाबी किंवा हिरवट होतो. शिवाय तिन्ही शाया सारख्या घेतल्या तर तो तपकिरीकडे झुकतो, सायन थोडा जास्तच लागतो. साधारण सायन ५०, मजेंटा ४०, पिवळा ४० असा. त्यापेक्षा काळ्या शाईचा हलका पडदा (बारीक ठिपक्यांची छटा) घ्या आणि त्यात थोडा सायन टाका. धातूसारखं थंड दिसतं आणि पानापानात फिरत नाही.

आता रूपाकडे येते, कारण तुमच्या पानांवरची मोठी अडचण माझ्या मते तिथे आहे. रंग फक्त ती उघडी पाडतोय.

जुन्या मालिकेत रूपाचीही हीच तऱ्हा होती. बरीचशी खेळणी आधी जपानमध्ये टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांत वेगळ्याच कल्पनेने विकली जात होती. काहींमध्ये तर आत माणूस बसून यंत्र चालवतो, अशी मूळ कल्पना. आयर्नहाइड आणि रॅचेट यांच्या खेळण्यांना डोकंच नव्हतं. कथेत ही पात्रं बोलणार, चिडणार, रडकुंडीला येणार. मग चित्रांसाठी त्यांना डोकी नव्याने द्यावी लागली. पात्रांची बहुतेक नावं आणि स्वभाव लिहिणारे बॉब बुडियान्स्की संपादक होते, पुढे ५५ व्या अंकापर्यंत मालिकेचे लेखकही. म्हणजे यंत्र आधी आलं आणि व्यक्ती नंतर. त्या माणसांनी उलट्या दिशेने केवढं काम केलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. तुमच्यावर मात्र कुठल्या खेळण्याचं बंधन नाही. तरी तुम्ही आधी यंत्र काढलं आणि त्यात व्यक्ती शोधताय, असं पानांवरून दिसतं.

एक करून पाहा. पाचही रोबो शेजारी शेजारी उभे करून पूर्ण काळे भरा, आतली एकही रेषा ठेवू नका. मी तुमच्या पानांवरून तसं केलं. खोदकाम करणारा ओळखू आला, कारण त्याची एक बाजू जड आहे. बाकी चौघांची रुंद छाती, बारीक कंबर, चौकोनी खांदे. चौघं एकाच शिंप्याकडचे वाटतात. टेहळ्याला मान लांब द्या किंवा पाय तरी, त्याचं काम दुरून बघण्याचं आहे ना? मालवाहूची कंबरच काढून टाका, त्याला डबा होऊ द्या. काळ्या आकृतीत ओळखू न येणारा रोबो रंगाने वाचत नाही. रंग फार तर त्याला दिवसाच्या चौकटीत वाचवतो, रात्रीच्या चौकटीत तो पुन्हा हरवतो.

दुसरं, तपशील. तुमच्या नेत्या रोबोच्या छातीवर मी ३१ वेगळे तुकडे मोजले. मुखपृष्ठावर ते छान दिसतात. पण एका अंकात तो रोबो शंभरेक वेळा काढायचा आणि रंगवायचा आहे. पाचव्या पानावर तुकडे २४ झालेत, सहाव्यावर १९. चित्रकार आळशी आहे असं मी म्हणणार नाही. माणसाचा हात थकतो आणि जे लक्षात राहत नाही ते गाळतो. म्हणून रूप ठरवताना स्वतःला विचारा, रात्री उशिरा, समोर नमुना न ठेवता हा मला काढता येईल का? नाही म्हणत असाल तर गाळायचंय ते आत्ताच गाळा, म्हणजे सगळ्या पानांवर एकसारखं गळेल.

तोफेची बाजू बदलण्याबद्दल. इथे मी तुमच्या दोघांच्याही बाजूने बोलेन, कारण हे माझ्या हातून घडलेलं आहे. एका मालिकेत एका रोबोच्या डाव्या हाताला पंजा होता आणि छातीवर ७ हा आकडा. एका पानावर तो डावीकडे तोंड करून बोलत होता आणि फुग्यांचा क्रम नीट लागत नव्हता, म्हणून मांडणी करताना ती चौकट आडवी उलटवली गेली. मी रंगवताना आकड्याचा आरसा पाहिला, तो सुलटा करून दिला, पंजाकडे लक्षच गेलं नाही. गोष्टीत त्याच पानावर त्याचा उजवा हात तुटतो. छापून आल्यावर पंजा तुटलेला दिसला आणि पुढच्या पानावर पंजा शाबूत. कथेतला सगळ्यात दुःखाचा क्षण होता तो. त्या दिवसापासून माझा नियम आहे की एकतर्फी अंगाचा रोबो असलेली चौकट कधीच उलटवायची नाही, पुन्हा काढायला लावायची. शिवाय अशा अंगाला मी बाजूप्रमाणे वेगळा रंग देते. उजव्या मनगटावर पांढरा पट्टा, डाव्यावर नाही. बाजू चुकली की रंग भरतानाच हात अडखळतो. तुमच्या सहा पानांतली तिसऱ्या पानाची खालची चौकट अशीच उलटवलेली दिसते, छातीवरच्या खिळ्यांची रांगही दुसऱ्या बाजूला गेली आहे.

रंगातली जी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती उजेडाची. तुमच्या चौथ्या पानावर संध्याकाळ आहे. सुंदर रंगवली आहे, अगदी मनापासून सांगते. पण तुम्ही सगळ्यावर एक नारिंगी थर टाकलात आणि लाल नेता व पिवळा टेहळ्या दोघंही एकाच शेंदरी रंगाचे झाले. निळा मालवाहू मातकट झाला. थर टाकणं चूक नाही, प्रसंगाचा उजेड रंगावर पडलाच पाहिजे. जपायचं आहे ते रंगांमधलं अंतर. दिवसा टेहळ्या नेत्यापेक्षा बराच उजळ असेल तर संध्याकाळीही तो तेवढाच उजळ राहिला पाहिजे, भले दोघं शेंदरी होवोत. हे तपासायला पान करड्या छटांत बदलून बघा. करड्यात दोन पात्रं एकमेकांत मिसळली तर अशा थराखाली रंगातही मिसळण्याचा धोका असतो. हीच तपासणी रंगांधळ्या वाचकांसाठीही उपयोगी पडते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि लाल विरुद्ध हिरवा ही रोबोंच्या दोन टोळ्यांची नेहमीची वाटणी आहे.

आणि रोबोंच्या बाबतीत आपल्या हातात एक साधन आहे जे माणसांच्या कॉमिकमध्ये नाही: रोबोला स्वतःचा उजेड असतो. डोळे, छातीतला दिवा, सांध्यातली फट. प्रत्येक रोबोला एक दिवा द्या, त्याचा रंग ठरवा आणि तो दिवा उजेडाच्या थराच्या वर, वेगळ्या लेयरवर ठेवा. संध्याकाळ असो, आग असो, पाण्याखाली असो, तो रंग बदलत नाही. मी एका मालिकेत पूर्ण अंधाराची दोन पानं केवळ चार दिव्यांवर चालवली आणि कुठेही गोंधळ झाला नाही. फक्त पडद्यावर झगमगणारा निळा आणि विजेरी हिरवा छपाईत मंद पडतो, तेव्हा छापायचं असेल तर दिवा झगमगीत करण्यापेक्षा त्याच्या भोवतीचा पत्रा गडद करा. कागदावर दिवा पेटलेला दिसतो तो शेजारच्या काळोखामुळे.

धातूच्या चकाकीबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक पत्र्यावर तोच पांढरा-करडा-पांढरा उतार ओढला की सगळे रोबो एकाच कारखान्यातले वाटतात. जुन्या मालवाहूचा पत्रा खडबडीत, चकाकी नसलेला ठेवा आणि चकाकी फक्त नेत्याला द्या.

आता खांद्याचा रंग पानागणिक का बदलतो, तर तुमच्याकडे रंगपत्रक नाही. प्रत्येक रोबोचं पुढून, मागून आणि बाजूने एक चित्र काढा. प्रत्येक भागाला नाव द्या आणि रंगाचे आकडे तिथेच लिहा. ‘लाल’ असं नुसतं लिहून भागत नाही; सायन, मजेंटा, पिवळा, काळा यांचे टक्के लिहा. मागची बाजू विसरू नका, पाठीचा रंग ठरलेला नसतो म्हणूनच तो दर वेळी नवा निघतो. रोबो रूप बदलत असेल तर वाहनाच्या रूपातला प्रत्येक भाग रोबोच्या अंगावर कुठे जातो तेही बाणांनी दाखवा. दार खांदा होत असेल तर दाराचा रंग खांद्यावर यायलाच हवा. रंग भरताना आधी सपाट रंगांचा लेयर करा, कडा मऊ करणारी सोय बंद ठेवून. म्हणजे खांदा एकदा निवडला की अख्ख्या पानावर एका झटक्यात दुरुस्त होतो. नेहमीचे रंग त्या पत्रकावरूनच उचला. आधीच्या पानावरून उचलायची सवय मोडा, कारण त्या पानावर संध्याकाळ असू शकते. तुमचा पिवळा खांदा मला वाटतं तिथूनच आलाय: चौथ्या पानाचा शेंदरी उचलला गेला आणि दुपारच्या उजेडात तो पिवळ्याकडे ओढला गेला.

राहिला दोष कुणाचा हा प्रश्न. पूर्वी कलरिस्टच्या हातात पान यायचं तेव्हा त्यावर संवाद लिहिलेले असायचे. आज अक्षरं संगणकावर वेगळी बसतात, बऱ्याचदा रंगासोबतच, त्यामुळे रंग भरणाऱ्याला दूरवरच्या चौकटीतला अंगठ्याएवढा रोबो कोण आहे हे कळायला मार्ग नसतो. तो अंदाजाने रंगवतो. तुमच्या पहिल्या पानावर धुरात उभे असलेले तिघं मला स्वतःला ओळखता आले नाहीत, रंगवणाऱ्या तुमच्या मित्राला ते कसे येणार? उपाय साधा आहे. चित्रकाराने समासात, प्रत्येक रोबोच्या ओळीत, त्याचं आद्याक्षर लिहायचं. कितीही लहान असो, पाठमोरा असो, नुसता हात दिसत असो. एका पानाला दोन मिनिटं लागतात. आणि अक्षरं बसल्यावर कुणीतरी तिसऱ्याने, ज्याने ना चित्र काढलं ना रंग भरला, रंगपत्रक शेजारी ठेवून फक्त फुगे वाचत जायचं: हा बोलतोय तो याच रंगाचा आहे का? गोष्टीत रमायचं नाही, एवढंच बघायचं.

प्रकाशित झालेल्या तीन अंकांचं काय करावं, हेही शेवटी विचारलंय. छापलेल्या प्रती राहू द्या. डिजिटल प्रतीत मात्र दुसऱ्या पानाचा खांदा आणि तिसऱ्या पानाची उलटी चौकट लगेच बदला, या दोन चुका गोष्टीचा अर्थ बदलतात. संध्याकाळच्या पानावर नेत्याला दोन पायऱ्या गडद करा, पुरेल. चौघांच्या बाह्याकृती जुन्या अंकांत बदलत बसू नका. चौथ्या अंकात त्यांच्या दुरुस्तीचा एखादा प्रसंग कथेतच घाला, नवं अंग वाचकाच्या देखत चढू द्या, आणि त्या प्रसंगाची पानं रंगवायच्या आधी नवी रंगपत्रकं पूर्ण करा. ती झाली की मला पाठवा, मी आकडे तपासून देईन.